तापाच्या आधी

आमच्याकडं कुणी आजारी पडलं की माणसं बघायला येतात. नुसती डोकावून जात नाहीत. येऊन बसतात, आणि घरातल्या बाईनं पहिल्यापासून सगळं सांगावं म्हणून वाट बघतात. सकाळी शेजारणीला सांगितलेलं दुपारी मावळणीला, म्हणजे आत्याला, सांगायचं, आणि मावळण अजून बसलेलीच असते तोवर वरच्या गल्लीतली म्हातारी येते. मग तिच्यासाठी पुन्हा सुरवातीपासून. मधूनच सांगितलेलं चालत नाही. "आता बरं हाय" एवढ्यावर कुणी उठून जात नाही.

माझ्या धाकट्या भावाचा पाय गेला तेव्हा मी सहावीत होते आणि तो दीड वर्षाचा होता. नव्वद सालाच्या पुढंमागंची गोष्ट. सेनगाव तालुक्यात साखऱ्याच्या बाजूला आमचं गाव, आणि गावाच्या खालच्या अंगाला आमची बौद्धवस्ती. त्या आठवड्यात मायनं ती हकीकत किती वेळा सांगितली असेल याची गणती नाही. मी कपबश्या देत-घेत ऐकत होते. पहिल्या दिवशी ती अडखळायची, रडायची, "न्हाई, त्याच्या आधी आसं झालं" म्हणून मागं जायची. दोन-तीन दिवसांत सगळं जागच्या जागी बसलं.

"तीन दिस ताप. अंग आसं तव्यावानी. चौथ्या दिशी डाक्तर आला, सुई मारली. सुई मारली अन् दुसऱ्या दिशी पाय लुळा."

इथं ती थांबायची. बाया चुकचुकायच्या. त्यातली एक म्हणाली, "सुई नसंवर बसली आसंल." पुढच्या वेळी माय स्वतःच म्हणाली, "सुई नसंवर बसली." तेव्हापासून ती नस त्या हकीकतीत कायमची राहिली.

त्यात मी कुठंच नव्हते. हे माझ्या लगेच ध्यानात आलं, कारण मी तेवढंच ऐकत होते.

सुई मारली त्याच्या दुसऱ्या दिवशी ताप उतरला होता. म्हणून माय तीन-चार दिवसांनी पहिल्यांदा खुरपायला गेली, वडील तर रोजच जायचे. लेकरू माझ्यापाशी होतं. मी त्याला डाव्या कडेवर घेऊन हापशावर गेले, कळशी खाली ठेवली आणि एका हातानं हापसायला लागले. दांडा जड होता. मी दुसरा हातही दांड्यावर ठेवला. रोज असंच करायचे. तो सटकला आणि खालच्या सिमेंटच्या कट्ट्यावर आपटला. हापशावर दुसरं कुणी नव्हतं. मी त्याला उचललं, कपाळाला पाणी लावलं, घरी आणून झोळीत टाकलं आणि झोका देत राहिले. दुपारी तो उठला तेव्हा त्याचा उजवा पाय उचलत नव्हता.

मायच्या हकीकतीत सुई होती. माझ्या हकीकतीत हापसा होता. मी कुणाला सांगितलं नाही.

डॉक्टरचं सांगते. ते सायकलवरून गावोगाव फिरायचे, कॅरिअरला चामड्याची पेटी बांधलेली. आमच्या वस्तीत येऊन कुठल्याही घरात पाणी पिणारे जे थोडे लोक होते, त्यांत ते एक. मायची हकीकत वस्तीभर आणि तिथून गावभर गेली तशी त्यांना बोलावणारी माणसं कमी झाली. एकदा ते हापशापर्यंत आले, सायकलीवर एक पाय टेकवून उभे राहिले, मला म्हणाले, "लेकरू कसं हाय गं?" मी कळशी तिथंच ठेवून पळून गेले. पुढं ते आमच्या बाजूला यायचे बंद झाले. ऐकलं की वाशीमकडं कुठंतरी गेले.

सहावीचं वर्ष संपायच्या आत मी शाळा सोडली. भावाच्या पायाला तेल लावायचं, उन्हात बसवून पाय चोळायचा, नाल्याच्या वाळूत खड्डा करून त्याला कमरेपर्यंत उभं करायचं, हे सगळं कुणी करायचं? मायला मजुरी बुडवून चालणार नव्हतं. मीच म्हणाले, मी करते. गुरुजी दोनदा घरी येऊन गेले. "पोरगी वाचती चांगली, शाळेतून नाव काढू नका," म्हणाले. दोन्ही वेळा मी कुडाच्या मागं जाऊन बसले. वस्तीतल्या बाया मायला म्हणायच्या, "लै गुणाची पोरगी हाय तुझी. भावासाठी शाळा सोडली." मी मान खाली घालायची. त्यांना वाटायचं लाजली.

मला ती शिक्षा वाटायची, आणि लोक शिक्षेला गुण म्हणत होते. बारा वर्षांच्या पोरीला यातलं काही नीट मांडता येत नाही. पण कुणी "भाऊ" म्हटलं की मी तेलाची वाटी घेऊन उठायची.

लग्न झालं आणि मी हैदराबादला आले. नवरा सेंट्रिंगच्या कामावर, मी मुलींच्या एका वसतिगृहात स्वयंपाकाला. इथं मला माणसं फार चांगली भेटली, हे लिहिल्याशिवाय पुढं जाववत नाही. वसतिगृहातल्या मुली वर्ष संपलं की अर्ध्या कोऱ्या वह्या मला देतात. मराठी वाचनालयातल्या बाईंनी माझ्याकडून अनामत न घेता पुस्तकं दिली. मी आज जे लिहिते ते त्यांच्या जिवावर. तरी काळजी काही सुटली नाही. वसतिगृहाचा फोन वाजला आणि "तुमच्या गावाकडून" असं कुणी म्हणालं की मी पळी तशीच टाकून धावायची. प्रत्येक वेळी वाटायचं, तो पडला. किंवा त्याला कळलं.

असाच एक फोन त्याचा आला. तो बारावी पास झाला होता. तेव्हा आमच्याकडं जो उठेल तो डी.एड.चा फॉर्म भरायचा. यानंही भरायचं ठरवलं होतं, आणि अपंगांच्या जागेसाठी हिंगोलीच्या दवाखान्याचं सर्टिफिकेट लागत होतं.

"अक्का, तू ये," तो म्हणाला.

"मी येऊन काय करू? मायला घेऊन जा."

"मायला घेऊनच जाणार हाय. म्हणूनच तू ये. माय डाक्तरसमोर सुरू झाली की थांबत न्हाई. लोक बघून राहतात. तू आसली की तुझ्याकडं बघून थांबती."

मी चार दिवसांची सुट्टी मागितली. वॉर्डनबाईंनी दिली, आणि ते चार दिवस त्या स्वतः मुलींसोबत भाजी चिरायला बसल्या, असं मला नंतर कळलं. नांदेडपर्यंत रेल्वे, तिथून एस.टी. सगळ्या रस्त्यात मी एकच गोष्ट घोकत होते. डॉक्टर विचारतील, कशानं झालं. माय सांगेल, सुईनं. आणि मी गप्प बसायचं.

दवाखान्यात त्या दिवशी लांब रांग होती. काठ्या, कुबड्या, एकाला त्याच्या बापानं पाठीवर आणलेलं. भाऊ गुडघ्यावर हात दाबत दाबत चालतो; तसाच पुढं जाऊन नंबर लावून आला आणि माझ्याजवळ बसत म्हणाला, "बघ, इथं आपली सगळी जात एक." माय त्याला म्हणाली, "गप बस, तुला सगळ्याची थट्टा."

आत डॉक्टरबाई होत्या. पन्नाशीच्या, कपाळावर चष्मा चढवलेला. भाऊ टेबलावर पँट वर करून बसला. त्यांनी टेपनं दोन्ही पाय मोजले, गुडघा वाकवून बघितला, तळव्याला पेनाचं टोक लावलं.

"कधीपासून?"

"दीड वर्साचा व्हता," माय म्हणाली आणि सुरू झाली. "तीन दिस ताप. अंग आसं तव्यावानी. चौथ्या दिशी—"

डॉक्टरबाईंनी हात वर केला. "आई, माझ्यामागं अजून तीस माणसं आहेत. एवढंच सांगा, लहानपणी कुठून पडला-बिडला होता का?"

"न्हाई," माय म्हणाली. फार पटकन म्हणाली.

सतरा वर्षांत हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. मायची हकीकत इतकी भरलेली होती की त्यात कुणाला विचारायला जागा नव्हती. मी रस्ताभर जे घोकलं होतं ते "सुईनं" या उत्तराला धरून घोकलं होतं. याला धरून माझ्याकडं काहीच तयार नव्हतं.

"पडला होता," मी म्हणाले. "माझ्या कडेवरून. हापशावर. सुई मारली त्याच्या दुसऱ्या दिवशी. मी दोन्ही हात सोडले होते."

भावानं माझ्याकडं बघितलं. मायनं बघितलं नाही.

डॉक्टरबाईंनी चष्मा खाली घेतला. "हात सोडले म्हणून पडला? दीड वर्षाचं लेकरू पायांनी कमरेला विळखा घालून बसतं. माझी पोरगी तर मी पोळ्या लाटताना बसायची."

"तो बी बसायचा," मी म्हणाले. "रोज बसायचा. त्या दिवशी बसतच नव्हता. रस्त्यानं जाताना दोन-तीनदा वर सरकवला. एक पाय मागून नुसता लोंबत होता, माझ्या मांडीवर आपटत होता. मला वाटलं तापानं थकलाय."

"कोणता पाय?"

मी बोट दाखवलं. टेबलावरून लोंबत होता तोच.

कुणी पोराला गणित समजावून द्यावं तसं डॉक्टरबाई सावकाश बोलल्या. "ताई, मग पाय आधीच गेला होता. तुम्ही पाडला म्हणून पाय गेला नाही. पाय गेला म्हणून तो पडला. हा पोलिओ आहे. तो आत आला तेव्हाच मी ओळखलं. पडून असा पाय बारीक होत नाही."

"अन् सुई?" मायनं विचारलं.

"त्या तापात सुई दिली तर पाय जायची भीती वाढते, आई. तुमचं अगदीच खोटं नाही. पण सुई दिली नसती तर पाय राहिला असता, असंही कुणी छातीवर हात ठेवून सांगणार नाही." त्यांनी कागदावर एक शब्द लिहिला, खाली सही केली. "शिक्का बाहेर मारून घ्या. पुढचा."

बाहेर लिंबाच्या झाडाखाली पार होता, तिथं येऊन बसलो. भाऊ शिक्क्याच्या खिडकीवर गेला. मला वाटलं होतं, असं कधी झालं तर मी रडेन, नाहीतर हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. मी त्या सकाळकडं पुन्हा पुन्हा जात होते. तो लोंबणारा पाय मला कायम आठवत होता, विसरले नव्हते. पण माझ्या हकीकतीत त्याला काही काम नव्हतं, म्हणून तो तिथं नुसता पडून होता. आजही मधूनच शंका येते, पाय खरंच लोंबत होता, की त्यांनी विचारलं म्हणून मला तसं आठवलं? मग मी स्वतःला सांगते, पायाचं मी आधी बोलले आणि पोलिओचं त्या नंतर बोलल्या. हा क्रम मी घट्ट धरून ठेवलाय. एकदा क्रम चुकल्यानं काय होतं ते मला ठाऊक आहे.

माय पदराच्या टोकाला गाठ मारत आणि सोडत होती.

"मला ठावं व्हतं," ती म्हणाली.

"काय?"

"तू पाडला ते. कपाळाला टेंगूळ व्हतं त्याच्या. अन् तू दोन दिस जेवली न्हाई."

"मग बोलली काहून न्हाई?"

"कुणाला बोलू? सगळी वस्ती घरात बसून ऐकून राहिली व्हती. 'पोरीनं पाडला' एवढं एकदा तोंडातून गेलं आसतं की तुला जलमभर तेच चिकटलं आसतं. लगनात निघालं आसतं, भांडणात निघालं आसतं. डाक्तर परका माणूस. त्याला दुसरं गाव व्हतं." पदराची गाठ सोडत म्हणाली, "त्याला बी लै तकलीफ झाली. ते पाप माझ्याकडं हाय."

मला वाटायचं, मी मायपासून लपवतेय. आणि माय ते सगळ्या जगापासून लपवत होती, दर वेळी नव्यानं, पाहुण्यांच्या पुढ्यात, मी कपबश्या विसळत असताना.

"मंग आता बाई म्हणती ते खरं का?" तिनं विचारलं.

"खरं."

"म्हंजे तू बी न्हाई अन् डाक्तर बी न्हाई."

"डाक्तरचं थोडंफार आसंल."

"थोडंफार," माय म्हणाली. "चार माणसं बसलेली असताना थोडंफार कसं सांगायचं?"

थोडंफार ऐकायला कुणी येत नाही. येणाऱ्याला एक कारण पाहिजे असतं, तोंडात धरून घरी नेता येईल एवढं.

भाऊ आला तो तीन चहा घेऊन, बोटांत कसेबसे धरलेले. सर्टिफिकेट शर्टाच्या आत सरकवलेलं. माझ्या हातात चहा दिला आणि समोर उभा राहिला. मला वाटलं होतं तो हापशाबद्दल विचारेल.

"शाळा मंग कशासाठी सोडली तू?" तो म्हणाला.

मी चहा पारावर ठेवला.

"मला लहानपणापासून ऐकवलंय. अक्कानं तुझ्यासाठी शाळा सोडली. मार्क कमी पडले, अक्काची शाळा. गल्लीत पत्ते खेळलो, अक्काची शाळा. बारावीला रोज वाटायचं, मी एकट्याचा न्हाई, दोघांचा अभ्यास करून राहिलो. अन् आज कळलं, तू तुझ्या चुकीसाठी सोडली. ती चूक बी न्हाई निघाली. मंग मी खाल्ली कुणाची शाळा?"

आवाज चढलेला नव्हता. माय म्हणाली, "बहिणीला आसं बोलतेत का?" मी तिला हातानंच थांबवलं.

त्या वेळी मला माझा वर्ग आठवला. बाकावर मी कुठं बसायची, माझ्या शेजारी कोण, मागं कोण. "माझ्या वर्गात वस्तीतल्या मला धरून सहा पोरी व्हत्या," मी त्याला म्हणाले. "सातवीपर्यंत शाळा गावात. आठवीला सेनगावला जावं लागायचं. त्या सहांतली एक बी आठवीला गेली न्हाई. अन् बाकी पाचींतल्या कुणाच्याच भावाला काही झालेलं नव्हतं."

हे त्याला सांगताना मी स्वतःही पहिल्यांदाच ऐकलं. इतकी वर्षं मी माझी शाळा सुटल्याचं कारण शोधत होते, मायला एक सापडलं होतं, वस्तीला एक, मला एक. बाकीच्या पाच पोरींना कुणी कारणच विचारलं नाही.

मग भावाला हसू आलं, आवरलं नाही. "म्हंजे मी उगंच दोघांचा अभ्यास केला."

"पास तर झाला," माय म्हणाली.

तो पारावर बसला, पाय हातानं उचलून सरळ केला. चहा संपवला. जीपवाला "सेनगाव, सेनगाव" ओरडत होता आणि आमच्याकडंच बघून ओरडत होता. आम्ही उठायला लागलो तेवढ्यात भावानं विचारलं, "तू म्हणली, पाय मागून लोंबत व्हता. म्हंजे त्याच्या आधी लोंबत नव्हता."

"न्हाई."

"म्हंजे मी चालायचो?"

मी माझ्या भावाकडं बघितलं. अठरा वर्षांचा झाला होता आणि हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मायची हकीकत तापापासून सुरू व्हायची, त्याच्या मागं ती कधी गेलीच नाही. आणि मी तर तापाच्या आधीचं काहीच कुणाजवळ काढलं नाही. काढलं की दोन पावलांत हापसा यायचा.

"चालायचा?" मी म्हणाले. "पळायचा तू. अकराव्या महिन्यात चालायला लागला. पोट पुढं काढून पळायचा, दोन्ही हात वर. वरच्या गल्लीत एक शेळी व्याली व्हती, तिच्या पिल्लामागं तू पार नाल्यापर्यंत गेला व्हता. मी शोधून राहिले घरात."

"अन् पडलो की?"

"पडला की रडायचा न्हाई. आधी मान वर करून बघायचा, कुणी बघितलं का. बघितलं आसंल तरच रडायचा."

"आता बी तसाच हाय," माय म्हणाली. मग तिलाही आठवलं. "ती लाकडी चाकाची गाडी केल्ती बापानं, ती वढत वढत—"

"थांब माय, अक्काला सांगू दे. पळताना कोणता पाय आधी टाकायचो?"

मी आठवून बघितलं. खरंच आठवलं नाही. त्याला तसं सांगितलं.

"आठव," तो म्हणाला.

जीप भरली होती. उरली होती एक जागा पुढं, दोन मागं लटकून. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. माय पिशवी घेऊन उभी राहिली. भावानं तिचा पदर धरून तिला परत पारावर बसवलं आणि जीपवाल्याला हातानं "जा, जा" केलं.

"जाऊ दे ती. दुसरी येती," तो मला म्हणाला. "शेळीचं पिल्लू कोणत्या रंगाचं व्हतं?"